हौसेखातर बासरी शिकायला दोनशे-तीनशेची स्वस्त बासरी चालते का?

प्रश्न असा आहे की वय ३६, ऐरोलीला आयटीत नोकरी, शास्त्रीय वगैरे शिकायचं नाहीये, चार भजनं आणि थोडी जुनी गाणी वाजवता आली तरी बास, मग दोनशे-तीनशेची बासरी घ्यावी का सरळ दोन-तीन हजाराची "प्रोफेशनल" घ्यावी.

स्वस्तातलीच घ्या. दोनशे-तीनशेत मिळाली तर उत्तम, चारशे-पाचशेपर्यंत गेलात तरी हरकत नाही, पण त्याच्यावर पहिल्या वर्षी एक रुपया घालू नका. अट एकच, बासरी सुरात पाहिजे. किंमत वेगळी आणि सूर वेगळा हे कळायला मला दोन बासऱ्या आणि दोन वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, घाई असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

मी ठाण्यात राहतो, नौपाड्यात. २०१६ला पाडव्याची शोभायात्रा बघायला गेलो होतो, परत येताना तलावपाळीला एक बासरीवाला उभा होता, ते काठीला बासऱ्या खोचून झाडासारखं करून फिरतात ना, तसा. इतकं सुंदर वाजवत होता की मी उन्हात दहा मिनिटं तिथेच उभा. ऐंशी म्हणाला, साठला दिली. डोक्यात हिशोब एवढाच की गाजराची पुंगी, वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली.

घरी आलो तर आवाजच येईना. नुसती फुसफुस. पाच मिनिटं जोर लावून फुंकलं की चक्कर यायची ती वेगळीच. आता हे स्वस्त बासरीमुळे होतं असं बऱ्याच जणांना वाटतं आणि ते तिथेच सोडून देतात किंवा महागडी मागवतात, पण तसं नाहीये, तीन हजाराच्या बासरीतूनही नवख्या माणसाचा पहिले आठ-दहा दिवस वाराच येतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर घालून भोंग्यासारखा आवाज काढायचो ना लहानपणी, तसंच आहे हे, हवा भोकात ओतायची नाही, भोकाच्या समोरच्या कडेवर आपटून चिरली गेली पाहिजे. खालच्या ओठाने भोकाचा थोडा भाग झाकायचा, ओठ किंचित ताणून बारीक फट ठेवायची आणि हळू फुंकायचं. जोर लागतच नाही. चक्कर येते ती जास्त जोरात भराभर फुंकल्यामुळे, आली की बासरी बाजूला ठेवून दोन मिनिटं गप बसायचं.

तर पंधरा दिवसांनी आवाज यायला लागला, मग सा रे ग म सुरू. वरची तीन भोकं बंद म्हणजे सा, दोन बंद रे, एक बंद ग, पहिलं अर्धवट झाकलं की शुद्ध म, सगळी उघडी टाकली की तीव्र म, आणि वरूनच मोजत पुढे चार बंद नी, पाच बंद ध, सहाच्या सहा बंद म्हणजे खालचा प. एवढं तर यूट्यूबवर पण मिळतं. पण माझा ग काही बसेना. तानपुऱ्याचं ॲप लावून वाजवायचो, सा लागायचा, रे बरा लागायचा, ग आला की दात आंबल्यासारखं व्हायचं. मला वाटलं आपलाच कान कच्चा. तीन महिने रोज रात्री अर्धा तास तो एक ग घासला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात थांबवून विचारलं, "अरे, ते मांजर तुमच्याकडे येतं का?"

शेवटी एका सरांकडे गेलो. त्यांनी माझं काही ऐकूनच घेतलं नाही, बासरी हातात घेतली, सा रे ग वाजवलं, परत नुसता ग वाजवला आणि हसायला लागले. म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, पण तुझं अंगण खरंच वाकडं आहे रे. हे भोक अर्धा सूत वर पडलंय." वर म्हणजे तोंडाच्या बाजूला. भोक तोंडाच्या जवळ सरकलं किंवा मोठं झालं की सूर चढतो, लांब गेलं किंवा लहान झालं की उतरतो, सगळा खेळ एवढाच. मग त्यांनी ड्रॉवरमधून सेलोटेप काढला, नखाएवढा कपटा कापला आणि त्या दुसऱ्या भोकाच्या वरच्या कडेला असा चिकटवला की भोक जरासं बारीक झालं. वाजवून बघितलं, थोडा अजून खाली सरकवला, परत वाजवलं. ग जागेवर. तीन महिने!

मी विचारलं की मग तो तलावपाळीवाला एवढं गोड कसं वाजवत होता. सर म्हणाले तो ओठाने सूर ओढून घेतो. बासरी मनगटातून किंचित आत वळवली की सूर उतरतो, बाहेर वळवली की चढतो, वर्षानुवर्षं वाजवणाऱ्याचा हात हे आपोआप करतो, त्याला कळतही नाही. स्वस्त बासरीचा खरा तोटा हा आहे. आवाज वाईट येतो वगैरे काही नसतं, साठ रुपयाच्या बांबूचा आवाज गोड असू शकतो, पण नवख्या माणसाला कळत नाही की चूक माझी का बांबूची. आणि आपण मराठी माणसं, लगेच स्वतःलाच दोष देऊन मोकळे होतो.

आता स्वस्त बासरी बेसूर का निघते तेही सांगतो. कुठलेच दोन बांबू सारखे नसतात, आतली पोकळी वेगळी, भिंतीची जाडी वेगळी. चांगला कारागीर तापलेल्या सळईने आधी भोक लहान पाडतो, फुंकून बघतो, मग थोडं थोडं मोठं करत सूर वर आणतो, एकेका बासरीला वेळ जातो त्याचा. स्वस्त मालात एक माप आखलेलं असतं, त्या मापावर सगळ्या बांबूंना भोकं, विषय संपला. उत्तर प्रदेशातलं पिलीभीत बासऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, बांबू तिथे आसामहून येतो आणि तिथून दोन्ही प्रकारचा माल देशभर जातो. म्हणजे महाग बासरीत तुम्ही पैसे देता ते निवडलेल्या बांबूचे आणि कारागिराच्या वेळेचे. पण गंमत अशी की मापावर पाडलेल्यातही ज्या बांबूला ते माप बरोबर बसलं ती बासरी छान बोलते, ढिगात अशा चार-दोन असतातच. त्या शोधायच्या.

शोधायच्या कशा, तुम्हाला तर वाजवता येत नाही. मग दुकानदाराला वाजवायला लावा आणि तुम्ही फोनवर ट्यूनर ॲप उघडून समोर धरा, फुकट मिळतं. त्याला सांगा गाणं नको, एकेक सूर लांब आणि सरळ वाजव. आणि ॲपपेक्षा त्याच्या मनगटाकडे लक्ष ठेवा, प्रत्येक सुराला बासरी आत-बाहेर वळत असेल तर समजा तो तुमच्यासाठी सूर सांभाळून घेतोय. नंतर सहा भोकं बंद करून खालचा प, आणि तीच बोटं तशीच ठेवून जोरात फुंकून वरचा प वाजवायला सांगा. दोन्हीला ॲपवर एकच अक्षर आणि काटा साधारण मध्ये आला पाहिजे. हे दोन प जुळत नसतील तर बासरी ठेवून द्या, कारण चुकलेल्या एखाद्या भोकाला सेलोटेप लावता येतो पण याला काही इलाज नाही, म्हणजे आतलं बूच सरकवून बघतात काही लोक, पण तो तुमचा-माझा प्रांत नाही.

एक गोष्ट, ग ॲपवर दहा-पंधरा सेंट (सेंट म्हणजे पियानोच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली दिसला तर घाबरू नका. ॲप पियानोच्या हिशोबाने चालतं, आपल्या तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध ग पियानोच्या ग पेक्षा साधारण १४ सेंट खालीच असतो, म्हणजे उलट तो चांगला आहे. आणि अख्खी बासरीच थोडी वर किंवा खाली बोलत असेल, पण सूर एकमेकांशी नीट असतील, तर बिनधास्त घ्या, तानपुरा ॲप तिच्या सा ला जुळवून घ्यायचं. बांबू गार असताना खाली बोलतो आणि वाजवून तापला की चढतो, त्यामुळे तसाही तो घड्याळासारखा एका जागी राहत नाही. कराओके ट्रॅकवर वाजवायचं असेल तर मात्र पट्टी तंतोतंत लागते.

पट्टी म्हणाल तर पांढरी पाच, म्हणजे जिचा सा पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर येतो ती, दुकानात "G मीडियम" म्हणून मागा. साधारण दोन फुटाची असते, बोटं आरामात पोचतात आणि आवाज फार किंचाळत नाही. अगदी छोट्या, वीतभर बासऱ्या घेऊ नका, भोकं इतकी जवळ असतात की मोठ्या माणसाची बोटं एकमेकांवर चढतात, शिवाय आवाज कानात घुसतो. आणि भोकं मोजा! फुंकायचं सोडून सहा पाहिजेत. आठ असतील तर ती कर्नाटकी बासरी, बोटांची पद्धत वेगळी, ऑनलाइन चुकून हीच मागवणारे दोघं तर माझ्या ओळखीतच आहेत.

लांबड्या बासरीबद्दल सांगायचं म्हणजे तो माझा दुसरा पराक्रम. हरिप्रसाद चौरसियांचे व्हिडिओ बघून बघून डोक्यात गेलं की खरी बासरी ती, खोल आवाजाची. पन्नालाल घोषांनी (१९११-१९६०) ती मोठी बासरी शास्त्रीयच्या मैफलीत आणली, हरिप्रसादजींनी जगभर नेली, सगळं खरं, पण त्यांची बोटं आणि माझी बोटं! सर नको म्हणत असताना मी अडीच हजाराची, अडीच फुटी, पांढरी तीनची बेस ऑनलाइन मागवली. बासरी एक नंबर होती, मालात काही खोट नव्हती. पण खालच्या हाताची तीन बोटं एकदम भोकांवर बसायचीच नाहीत, एक बसवलं की दुसरं उचलायचं, मनगट दुखायचं ते वेगळंच. कंटाळून बेडरूममध्ये शोकेसवर ठेवली, तिथे रोज रात्री एसी, एप्रिल-मे मध्ये बांबू वाळून फुंकायच्या भोकापासून केसासारखी चीर गेली. फेविक्विक भरून वर दोरा गुंडाळला, पण तो आवाज गेला तो गेलाच. ती साठ रुपयावाली अजून सेलोटेपसकट वाजतेय.

म्हणून बांबूला महिन्यातून एकदा आतून मोहरीच्या तेलाचा हलका हात द्या, काडीला कापड गुंडाळून. पावसाळ्यात उलटा त्रास, वाजवून झाल्यावर आतून पुसली नाही आणि तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली की आठवड्यात बुरशी.

हे नको असेल तर पीव्हीसी पाइपची बासरी पण मिळते, हसू नका, पाइप सगळा सारखा असल्यामुळे बनवणाऱ्याचं एकदा माप बसलं की प्रत्येक नग सुरात येतो, ना चीर ना बुरशी, आवाज जरा कोरडा वाटतो एवढंच. माझ्या ऑफिस बॅगेत तीच असते. घरी मात्र पाइपला भोकं जाळत बसू नका, तो धूर विषारी असतो, ड्रिल वापरा. शिट्टीसारखं तोंड असलेली उभी बासरी, म्हणजे आपलं अलगूज किंवा शाळेतली मुलं वाजवतात तो प्लॅस्टिकचा रेकॉर्डर, त्यातून पहिल्या फुंकरीला आवाज येतो, सात-आठ वर्षांच्या मुलाला द्यायला झकास, यामाहाचा साधा रेकॉर्डर सुरातही पक्का असतो. फक्त त्यावर कितीही वाजवलं तरी आडव्या बासरीची फुंक येत नाही. ती धातूची चावीवाली वेस्टर्न फ्लूट स्वस्तात दिसली तर मोहात पडू नका, एक पॅड नीट बसत नसलं तरी खालचे सूर गायब आणि दुरुस्तीला माणूस शोधत फिरा.

तुम्ही ऐरोलीला म्हणजे ट्रान्स-हार्बरवरच आहात, ठाण्यात उतरून वाद्यांच्या दुकानात जाणं अवघड नाही, बेलापूरच्या अर्बन हाटला प्रदर्शन असेल तर तिथेही बासरीवाले दिसतात कधी कधी. फक्त दुकान उघडल्या उघडल्या जा. मी एकदा संध्याकाळी सातला गेलो होतो, बाहेर रिक्षांचे हॉर्न इतके की ट्यूनर बासरी सोडून हॉर्नचाच सूर दाखवत होता.