'द इनर लाइट' या भागात काही घडतच नाही, मग लोक तो एवढा डोक्यावर का घेतात?

तुम्ही 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अवकाशप्रवासावरच्या अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या या भागाबद्दल विचारलंय. ना लढाई, ना शत्रू, एक माणूस अंगणात बसून बासरी वाजवत म्हातारा होतो, यात एवढं काय आहे, असा तुमचा सवाल. रास्त आहे. मीसुद्धा पहिल्यांदा कंटाळून अर्ध्यात बंद केला होता.

दुसऱ्यांदा पाहिला तो 2016 च्या मे महिन्यात, सोलापुरात. उजनी धरण मायनसमध्ये गेलेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचा साठा उरलेला, आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी, तेही रात्री दीडच्या सुमाराला. जागं राहायला काहीतरी हवं म्हणून लॅपटॉपवर हा भाग लावला. आणि दहा मिनिटांत ताठ बसले. अरे, हा तर दुष्काळाचा भाग आहे!

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते, शेवटासकट. कॅप्टन पिकार्डच्या यानाला अवकाशात एक बेवारशी यंत्र भेटतं. त्यातून एक झोत येतो आणि पिकार्ड जागीच कोसळतो. जाग येते ती कटान नावाच्या ग्रहावरच्या रेसिक गावात. तिथं त्याला सगळे कामिन म्हणतात. एलीन नावाची बायको आहे, ती म्हणते, तुम्ही आठवडाभर तापात होता. तो धंद्यानं 'लोखंडाचा विणकर' आहे. (विणकर म्हटल्यावर सोलापूरकराचे कान टवकारणारच, पण त्याचा माग काही दाखवलेला नाही.) काही वर्षं तो यान शोधतो, मग नाद सोडतो. मुलं होतात, नातू होतो, बायको जाते. आणि या सगळ्या काळात पाऊस पडत नाही.

तुम्हाला जे 'काही घडत नाही' वाटलं ना, दुष्काळ असाच असतो. पूर आला की दिसतो. दुष्काळ कुठल्या तारखेला सुरू झाला ते कोणाला सांगता येत नाही. आधी म्हणायचं, यंदा पाऊस लांबलाय. मग म्हणायचं, पुढच्या साली भरून काढेल. या भागातही तसंच होतं. सुरुवातीला गाव चौकात एक रोप लावतं आणि थोडं थोडं पाणी देऊन जगवतं. कामिन सुचवतो की हवेतला ओलावा गोळा करणारी यंत्रं बसवा. सरकारी माणूस ऐकून घेतो आणि विषय सोडून देतो. हे दृश्य लिहिणारा अमेरिकेत बसलेला होता, पण आमच्याकडच्या एखाद्या टंचाई आढावा बैठकीला येऊन गेला असावा अशी शंका येते.

माझं सगळ्यात आवडतं दृश्य मात्र मातीचं आहे. मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे पक्षपात धरून चाला. कामिनची मुलगी मेरिबोर मोठी झाल्यावर मातीचे नमुने तपासायला लागते. एक दिवस बापाला सांगते, मातीत जिवाणू उरलेले नाहीत, माती मेलीय. बाप तिला समजावतो, पण त्याला हे आधीच कळून चुकलेलं असतं. पाऊस परतायचा नाही, सूर्यच तापत चाललाय, ग्रह संपणार. दोघांनाही माहीत असतं आणि दोघंही एकमेकांना सांभाळत बोलत असतात. मग तो तिला म्हणतो की आत्ताचे दिवस जगून घे, ते पुन्हा यायचे नाहीत.

माझ्या टेबलावर शेतकरी कापडी पिशवीत अर्धा किलो माती घेऊन येतात. अहवालात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्या-शेणातून मातीत येणारा कस, 0.3 टक्के आला की तो 'कमी'च्या रकान्यात पडतो. शेतकरी आधी कागदाकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो. मी शेणखत सांगते, ताग-धैंचा पेरून गाडायला सांगते, उसाचं पाचट जाळू नका म्हणते. आमची माती मेलेली नाही, सुधारते. पण सांगण्याआधीचे ते दोन-चार सेकंद मला ठाऊक आहेत आणि कामिनचं काम करणाऱ्या पॅट्रिक स्ट्यूअर्टनं ते बरोबर पकडलेत.

आता तक्रारी. एकदा आजीला हा भाग दाखवला, अर्थ सांगत सांगत. आजी सांगोल्याकडची, बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली, दुष्काळी कामावर खडी फोडून, तिथं मिळणाऱ्या सुकडीवर (पौष्टिक पिठावर) दिवस काढलेली. ती म्हणाली, "गुरं कुठं हायत ह्यांची?" मला काही दाखवता आली नाहीत. "आदी गुरं जात्यात, मग माणसं हलत्यात. आनि हे रोपाला पानी घालून ऱ्हायलेत." आजीचं बरोबर आहे. विहिरीवर भांडण नाही, घागरींची रांग नाही, गाव सोडून कोणी जात नाही. रेसिकमधले लोक फारच शहाणे, फारच शांत आहेत. तहानलेलं गाव इतकं गुणी नसतं.

दुसरं म्हणजे, कामिनचं हे सगळं आयुष्य त्या बेवारशी यंत्रानं पिकार्डच्या डोक्यात भरलेलं असतं, आणि ते यंत्र कटानच्याच लोकांनी रॉकेटनं सोडलेलं. ज्यांना रॉकेट जेमतेम उडवता येतं त्यांनी दुसऱ्याच्या डोक्यात अख्खं आयुष्य भरणारं यंत्र बनवलं कसं? आणि न विचारता भरलं, हेही आहेच. मधूनमधून यानावरची धावपळ दाखवतात, सहकारी झोत तोडायला बघतात वगैरे, ती मी आता पुढं ढकलते.

बाकी मानसन्मान म्हणाल तर भरपूर. हा भाग 1 जून 1992 ला दाखवला गेला आणि 1993 मध्ये त्याला ह्यूगो हा विज्ञानकथांसाठीचा मानाचा पुरस्कार मिळाला. टीव्ही मालिकेतल्या भागाला तो 1968 नंतर पहिल्यांदाच मिळत होता. कामिनच्या मुलाचं काम स्ट्यूअर्टच्या सख्ख्या मुलानं, डॅनियलनं केलंय. बापलेकांच्या दृश्यात ते जाणवतं.

शेवटी म्हाताऱ्या कामिनला रॉकेटचं उड्डाण बघायला नेतात. त्यात गावाच्या आठवणी ठेवल्यात, कोणीतरी भेटेल आणि आपल्याबद्दल जगाला सांगेल या आशेनं. तो कोणीतरी आपणच, हे त्याला तिथं कळतं. पिकार्ड यानावर जागा होतो तेव्हा जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं झालेली असतात आणि कटान जळून हजार वर्षं. त्या यंत्रात एक छोटी पेटी सापडते. पेटीत बासरी. तो ती छातीशी धरतो, मग खिडकीपाशी उभा राहून वाजवतो. एक शब्द नाही. (चित्रीकरणातली ती बासरी 2006 मध्ये लिलावात 48 हजार डॉलरला गेली, आणि ती वाजणारी नव्हतीच.)

त्या मे महिन्यात मी इथवर आले आणि नळ खळखळला. आधी हवा, मग गढूळ, मग पाणी. आईनं आतून हाक मारली. मी म्हटलं, आले, दोन मिनिटं. बासरी संपेस्तोवर उठले नाही. त्या खेपेला एक पिंप कमी भरलं आणि पुढचे पाच दिवस आईनं ते मला रोज ऐकवलं.