भाचीचं घड्याळ वडशाचं आहे

लंडनमधल्या वेम्बलीहून एका मावशींचं पत्र आलं आहे. त्यांची भाची सप्टेंबरपासून त्यांच्याकडे राहते. नाटकाच्या वेशभूषेचं शिक्षण घेते आणि सध्या एका थिएटरच्या कपडेपटात इंटर्नशिप करते आहे. पत्रातला मुख्य भाग असा:

"रोज रात्री बारा-साडेबाराला येते. झाकून ठेवलेलं जेवण तसंच राहतं. सुटीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपते. मंडळाच्या दिवाळीला आली नाही आणि आता म्हणते, नाताळात स्कॉटलंडलाही येणार नाही. आज काय केलंस विचारलं तर म्हणते, इस्त्री केली, हूक लावले. कर्ज काढून पाठवलेली पोरगी इथे इस्त्री करते? तिकडे गावी माझी बहीण काळजीने अर्धी झाली आहे. दोन पैसे सुटावेत म्हणून मी माझ्या मैत्रिणींचे ब्लाऊज तिला शिवायला मिळवून दिले, तर तेही वेळेवर देत नाही."

मावशी, मी शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्या पत्रात घातक तेवढंच आहे. ते ब्लाऊज आजच्या आज परत करा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही, आणि घरी बसून पैसे घेऊन ब्लाऊज शिवणं हा धंदाच झाला. मैत्रीण असो की मैत्रिणीची नणंद, कायद्याला फरक पडत नाही. पदवीचं शिक्षण घेणाऱ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते, तीही कुणाच्या तरी पगारपत्रकावर. तो आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात. नाटकाच्या धंद्यात बरीचशी मंडळी बिलं लावून काम करतात, त्यामुळे तिथलं कुणी तिलाही सहज म्हणेल, "एवढं शिवून दे, बिल पाठव." तेव्हा तिने नाही म्हणायचं. तुम्ही तिच्या भल्यासाठीच केलंत, हे मला कळतं. पण त्यापायी व्हिसा अडकला तर बहिणीला काय तोंड दाखवाल?

आता रात्रीच्या बाराची गोष्ट.

मी लंडनमध्ये बावीस वर्षं काढली, एका लाँड्रीत कपड्यांच्या दुरुस्तीचं काम करत. आता पुन्हा आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात राहते. तुमच्या बहिणीचं गाव इथून अकरा किलोमीटर. तुम्हीही इथल्याच, मग मंडईचे, आपल्या गावजत्रेचे दिवस विसरलात का? दिवाळी सरते, धान कापणीला येतो आणि गावोगाव मंडई भरू लागते. वडशातल्या नाटक कंपन्यांच्या ऑफिसांत तारखा बुक करायला गर्दी होते. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक कोंबडं आरवेपर्यंत चालतं. लेकीबाळी माहेरी येतात, पाव्हणे येतात, सगळं गाव घोंगड्या पांघरून तणसावर बसतं. त्या रात्री कुणी कुणाला विचारतं का, "काहून वं माय, एवढी रात्र केलीस?"

माझे मामा ड्रेपरीवाले होते. कंपन्यांना कपडे भाड्याने द्यायचे. त्यांच्या लोखंडी पेटीत राजाचा एक जांभळा मखमली अंगरखा होता. तो उलटा केला की खरी गंमत दिसायची. बाजूच्या शिवणीत दोन-दोन बोटं कापड आत सोडलेलं, म्हणजे यंदाचा राजा जाडा निघाला तर उसवायचं आणि पुढच्या साली बारीक निघाला तर पुन्हा टाके घालायचे. त्या शिवणीवर जुन्या टाक्यांच्या भोकांच्या चार रांगा होत्या. चार राजे. गळ्याला बटणं दिसायची, पण ती नुसती शोभेची, खाली मोठे हूक. अंधारात, घाईत, घामेजल्या हातांनी हूकच लागतो. बटण शोधत बसलं तर प्रवेश चुकतो.

तुमची भाची दिवसभर जे हूक लावते ना, ते हे हूक आहेत. लंडनलाही आत कापड सोडतात, जुन्या पोशाखाच्या आत पूर्वीच्या नटांच्या नावांच्या पट्ट्या तशाच ठेवतात. एका मिनिटात अख्खा पोशाख बदलायचा असला तर दोन माणसं विंगेत उभी राहतात आणि कुणी कुठला हूक काढायचा याची तालीम करतात. इस्त्री हा तर तिथला पहिला धडा. कापड हाताखालून गेल्याशिवाय ते दिव्याखाली कसं पडेल ते कळत नाही. तिला पुन्हा विचाराल तेव्हा "आज काय केलंस" असं विचारू नका. "आज कुणाचा पोशाख होता" असं विचारा, आणि मग गप्प बसून ऐका.

नाताळाचंही तसंच. डिसेंबरात तिथे पँटोमाइम नावाच्या विनोदी नाटकांचा हंगाम असतो. लेकराबाळांना घेऊन सगळं घर बघायला जातं, दिवसाला दोन-दोन प्रयोग होतात, आणि त्यात एक थोराड पुरुष बाईचा झगमगीत झगा घालून धमाल उडवतो. आपल्याकडच्या लोकनाट्यांत, दंडारीत, खडी गंमतीत गडी लुगडं नेसून नाचतो, त्याचा हा गोरा भाऊच म्हणा. अशा नटाच्या अंगावर झगा बसवणं सोपं नसतं, आणि ते आपल्या भागातल्या पोरीने लहानपणापासून पाहिलेलं आहे. तिने हे तिथे सांगावं, लाजू नये. तुम्ही मात्र स्कॉटलंडचं तिचं तिकीट रद्द करा. हंगामात कपडेपटातलं माणूस सुटीवर जात नाही.

एक गंमत सांगून ठेवते, नाहीतर पुढचं पत्र त्याचंच येईल. तिच्या अंगाला कधी दारूचा वास आला तर घाबरू नका. जे पोशाख धुता येत नाहीत, त्यांच्यावर पाणी घातलेली व्होडका फवारतात. ती उडून जाते आणि घामाचा वासही घेऊन जाते. (माझ्या लाँड्रीतल्या मालकाला हे पटायचं नाही. तो बाटली घरी न्यायचा.)

झाकून ठेवलेल्या जेवणाबद्दल थोडं स्वतःचंच सांगते. माझा भाचा माझ्याकडे राहायचा, हॉटेलात रात्रपाळी करायचा. मी रोज जागी राहायचे, ताट वाढून समोर बसायचे. मला वाटायचं, ही माया. महिनाभराने तो खोटं बोलू लागला, "मावशी, बाहेर खाल्लं." खाल्लेलं नसायचं. मी जागी आहे या धाकाने तो स्टेशनवर बसून राहायचा, मी झोपेपर्यंत. हे मला त्याच्या लग्नात कळलं, तेही दुसऱ्याकडून. म्हणून सांगते, तिच्याकडे किल्ली द्या आणि झोपा. भात आणि वरण डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकू नका, काळा पडतो. खरं जेवण तिला दुपारी द्या, निघण्याआधी. शुक्रवारी-शनिवारी ज्युबिली लाइन रात्रभर चालते, त्यामुळे वेम्बली पार्कपर्यंत ती येऊ शकते. बाकीच्या दिवशी शेवटची गाडी कितीची आणि ती चुकली तर कुठली बस, एवढं दोघींनी एकदा बसून ठरवा. "निघाले" असा एक निरोप तिने टाकायचा. त्यापलीकडे चौकशी नको.

डिसेंबरात तिथे चारच्या आत अंधार पडतो आणि कपडेपट बहुधा तळघरात. पोरगी आठवडा-आठवडा ऊन बघत नसेल. ड जीवनसत्त्वाची १० मायक्रोग्रॅमची गोळी थंडीभर रोज घ्या, असं तिथलं सरकारच सगळ्यांना सांगतं. तुम्हीही घ्या.

पैशाचं तिच्याकडून नीट समजून घ्या. इंटर्नशिप तिच्या अभ्यासक्रमाचाच सक्तीचा भाग असेल आणि वर्षाच्या आत संपणारी असेल, तर तिथे किमान वेतन देणं बंधनकारक नसतं. तसं नसेल आणि ठरलेल्या वेळेला येऊन ती नेमून दिलेलं काम करत असेल, तर "अनुभव मिळतोय ना" म्हणून फुकट राबवून घेता येत नाही. कॉलेजकडून ते लेखी घ्यायला सांगा. रंगमंचामागच्या कामगारांची बेक्टू नावाची संघटना आहे, तिचीही माहिती तिने काढून ठेवावी.

राहिली तुमची बहीण. परवा मी तिच्याकडे जाऊन आले. काळजी आहेच, पण त्याहून जास्त टोचतं ते लोकांचं बोलणं: "शिंपीकाम शिकाले लंडनले काहून धाडली?" मी म्हटलं, आपल्याच झाडीपट्टीतल्या, या धानाच्या मुलखातल्या, परशुराम खुणेंना नाटकासाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली, हे त्यांना सांगत जा. ती हसली. मग म्हणाली, पोरीचा फोन येतो तेव्हा मी धानाच्या बांधीत, शेतात असते, आवाज येत नाही.

यावर उपाय तुमच्या तक्रारीतच आहे. लंडनला रात्रीचे बारा वाजतात तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच. बहीण उठून चूल पेटवत असते, घर झोपलेलं, हात कामात आणि कान मोकळे. स्टेशनपासून घरापर्यंत चालताना भाचीने आईला फोन लावावा. रस्त्यावर सोबत होईल आणि आईला पोरगी सुखरूप घरी पोचलेली रोज कानाने कळेल. मार्चअखेर तिकडची घड्याळं पुढे गेली की साडेचार होतील, तेव्हा नवी वेळ ठरवा.

मी निघताना तुमच्या बहिणीने माझ्याकडे मुगवड्यांचा डबा आणि एक पितळी अंगुस्ताना दिला. पोरीच्या आजीचा आहे, आत चिंधी कोंबून तिच्या बोटाच्या मापाचा केलाय. नागपूरचे एक जण पुढच्या आठवड्यात लंडनला निघाले आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. तुमच्या पत्रात पत्ता अर्धाच आहे, पिनकोडचा दुसरा भाग राहिला आहे. तेवढा कळवा.