इंजिन हवेत फुटतं तेव्हा विमानवेड्या लोकांना आतल्या माणसांचं काहीच वाटत नाही का?

तुम्ही अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या त्या व्हिडिओबद्दल लिहिलंय. २० फेब्रुवारी २०२१, होनोलुलूला निघालेलं युनायटेड एअरलाइन्सचं बोइंग ७७७ विमान, उजव्या इंजिनाचं आवरण गायब, आत जाळ, आणि उघडं पडलेलं इंजिन गदागदा हलतंय. तुमच्या पोटात गोळा आला आणि शेजारी बसलेला मावसभाऊ म्हणाला, "पीडब्ल्यू ४०७७, पंख्याचं पातं गेलंय, २०१८ सारखंच." पीडब्ल्यू ४०७७ हे त्या इंजिनाचं मॉडेल, प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचं. तुम्हाला त्याचा राग आला. म्हणून विचारताय की या लोकांना काळीज असतं की नाही, आणि जाता जाता, एका इंजिनावर विमान खरंच उतरतं का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. उतरतं. तेही डेन्व्हरला परत येऊन उतरलं, आत कुणाला खरचटलंही नाही. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे ऑगस्ट २०१९ पासून पडून आहे. ते खरं तर माझ्या दाजींना द्यायचं होतं.

आईला काशीला न्यायचं होतं. आई, ताई, दाजी आणि मी, मुंबईहून सकाळचं विमान. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिची काही चूक नव्हती. आईचा हा पहिलाच विमानप्रवास. खिडकी तिला देत होतो, पण "नको रे, मला गरगरेल" म्हणून ती मधे बसली. वाटेच्या पलीकडे दाजी आणि त्यांच्या शेजारी ताई. मी डावीकडे, पंखाच्या जरा मागे. ही जागा मी मुद्दाम घेतो, एक नंबरचं इंजिन समोर दिसतं. मुंबई विमानतळाला लागून असलेल्या जरीमरीला उभं राहून विमानं बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. विमानात बसल्यावर निदान इंजिन तरी दिसलं पाहिजे.

पावसाळा, त्यामुळे २७ नंबरच्या धावपट्टीवरून समुद्राकडे उड्डाण. सहा बावन्नला चाकं सुटली. ती आत गेल्याचा आवाज झाला, पार्ल्याच्या गच्च्या मागे पडल्या, जुहूची धावपट्टी दिसायला लागली आणि धाड. मग धाड, धाड, धाड, सेकंदाला दोनदा तरी. पत्र्याच्या दारावर बाहेरून कुणी मूठ आपटावी तसं. प्रत्येक दणक्याला इंजिनाच्या मागून नारिंगी जाळ निघत होता. शेपूट एका बाजूला ओढलं गेलं, ते बसल्या जागी कळलं, आणि लगेच विमान सरळ झालं. म्हणजे पायलटचा पाय रडरवर, शेपटावरच्या सुकाणूवर, होता. पाठोपाठ वास आला. कोंबडी भाजताना पिसं जळतात ना, तोच. आई म्हणाली, "कोण काय जाळतंय रे?"

मला कळलं होतं. घार किंवा तेवढाच कुठलातरी पक्षी आत गेला होता, इंजिनाला हवा नीट मिळेना आणि सर्ज सुरू झाला होता, म्हणजे आतली हवा दणके देत उलटी फिरत होती. मागे कुणीतरी किंचाळलं, लहान मुलं रडायला लागली. वरचे सामानाचे कप्पे खडखडत होते. आईच्या मुठीत जपमाळ होती. तो हात मी धरला, मणी बोटांत रुतत होते, आणि तिला पुढचं सांगत गेलो.

"आई, आता हा आवाज बंद होईल. ते या इंजिनाची ताकद कमी करतील." दहा-बारा सेकंदांत आवाज थांबला. "आता आपण थोडं वर जाऊ, मग वळू, परत मुंबईलाच उतरणार." थोड्या वेळाने विमान कललं. "पायलट इतक्यात बोलणार नाही. आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, मग बोलायचं, असंच शिकवतात त्यांना." सात मिनिटांनी कॅप्टनचा आवाज आला, एका इंजिनात बिघाड आहे, आपण परत जातोय. आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या लेखी मी त्या क्षणी देवमाणूस होतो. "आता चाकं खाली येतील, खालून घरघर होईल." झाली. "धावपट्टीशेजारी लाल बंब उभे असतील, ते आपल्यासाठीच आहेत, पण लागणार नाहीत." लागले नाहीत. सात चोवीसला टेकलो. आईने उलटा जप केला असेल किंवा सुलटा, पण रडली नाही. बासष्ट वर्षांची बाई, पहिल्यांदा विमानात बसलेली.

आता दाजींना जे दिसलं ते. दणके सुरू असताना, आईचा हात धरायच्या आधी, मी फोन काढून इंजिनाचा अकरा सेकंदांचा व्हिडिओ घेतला आणि घड्याळ बघितलं. ते दाजींनी पाहिलं. वाटेपलीकडून माझ्याकडे वळून म्हणाले, "मजा येतेय का तुला?" मी त्यांना उत्तर दिलं, "दाजी, सर्ज आहे, एक नंबर इंजिन, दुसरं व्यवस्थित आहे." तेव्हापासून दर भाऊबीजेला, दर बारशाला, नवा कुणी भेटला की गोष्ट सुरू. "विमान पडत होतं आणि आमचे मेव्हणे शूटिंग करत होते."

पडत नव्हतं, दाजी. दोन इंजिनांच्या विमानाला उडायची परवानगी मिळते ती या अटीवर, की उड्डाणाच्या ऐन वेळी एक इंजिन गेलं तरी उरलेल्या एकावर ते चढलं पाहिजे. चाकं आत घेतल्यावर दर १०० मीटर पुढे गेलं की कमीत कमी २.४ मीटर वर. आपण त्या चढावर होतो, आणि मी तेच सांगत होतो. त्या व्हिडिओचं काय झालं तेही सांगतो. खाली उतरल्यावर हिरव्या जाकिटातला एक अभियंता विचारत आला, कुणी इंजिन बघितलं का. त्याने माझा व्हिडिओ घेतला, पुन्हा पुन्हा बघितला, दणके मोजले, पहिला दणका कधी बसला ते विचारलं. वेळ मला सांगता आली. हे दाजींच्या गोष्टीत कधीच येत नाही.

तुमच्या मावसभावाकडे परत येतो. तो '२०१८ सारखंच' म्हणाला ना, त्या दोन शब्दांत किती आहे बघा. १३ फेब्रुवारी २०१८ ला त्याच कंपनीचं ७७७, त्याच जातीचं इंजिन, सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूला जाताना, खाली नुसता पॅसिफिक, किनारा साधारण १२० मैलांवर, आणि पंख्याचं एक पातं मुळाशी तुटलं. पुढचं आवरण उडालं. विमान होनोलुलूला सुखरूप उतरलं. या इंजिनाच्या पंख्याला २२ पाती असतात, टायटॅनियमची, आतून पोकळ. तडा जातो तो आतल्या बाजूने, त्यामुळे बाहेरून हात फिरवून काही कळत नाही. पात्यात ध्वनिलहरी सोडायच्या, ते कुठे तापतं ते कॅमेऱ्यात बघायचं, अशी तपासणी असते. चौकशीत निघालं की त्या तुटलेल्या पात्यावर २०१० मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये नेमक्या त्याच जागी खूण दिसली होती. २०१५ ला तपासणाऱ्याने ती रंगाचा दोष समजून पातं पास केलं होतं.

४ डिसेंबर २०२० ला जपान एअरलाइन्सच्या ७७७ चं त्याच कुटुंबातलं इंजिन, ओकिनावातलं नाहा सोडल्यावर थोड्याच वेळात, पुन्हा पातं तुटलं. मग अडीच महिन्यांनी डेन्व्हर. डेन्व्हरजवळच्या ब्रूमफील्ड गावात एका घराच्या अंगणात इंजिनाच्या तोंडाचं आख्खं कडं येऊन पडलं, माणसाच्या उंचीहून मोठं. तुम्ही जो व्हिडिओ बघितला त्यात इंजिन हलत होतं, कारण वाऱ्याने फिरणाऱ्या पंख्यातून दीड पातं गायब होतं. एक मुळाशी तुटलं होतं, त्याने शेजारचं अर्ध्यावर तोडलं होतं. हे चौकशीवाल्यांनी नंतर सांगितलं, पण व्हिडिओ थांबवून थांबवून पाती मोजणारे लोक त्याआधीच तिथवर पोचले होते.

मोजली नसती तर? ज्यांनी तीन घटना एका ओळीत ठेवून बघितल्या, त्यांनाच पुढच्या प्रवाशाची काळजी होती असं माझं स्पष्ट मत आहे. डेन्व्हरनंतर दुसऱ्याच दिवशी बोइंगने असली इंजिनं असलेली सगळी विमानं उभी ठेवायला सांगितली, उडणारी ६९ आणि आधीच उभी असलेली ५९. इंजिनाचं मॉडेल म्हणजे नेमकं हेच. तुम्हाला तो शुष्क आकडा वाटतो. त्यात, अजून किती विमानांत माणसं बसणार आहेत, हा प्रश्न असतो.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. १२ मार्च २०१८ ला डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतुकीच्या सरकारी नियंत्रकाने, दोन भारतीय कंपन्यांची मिळून ११ एअरबस ए३२० निओ विमानं जमिनीवर आणली. कुठली? ज्यांच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनाचा अनुक्रमांक ४५० च्या पुढचा होता ती. सगळी निओ नाहीत, नेमकी तेवढीच. त्या दिवशी 'हा नंबर कशाला बघता' असं कुणी विचारलं नाही.

दाजी मृत्यूला भितात आणि ते साहजिक आहे, मी त्यांना भित्रा म्हणत नाही. पण भीती दाखवली म्हणजेच माया असते, हे मला मान्य नाही. डॉक्टर आयसीयूच्या बाहेर येऊन तुमच्या गळ्यात पडून रडला तर तुम्हाला बरं वाटेल का? तो रक्तदाब किती, लघवी किती झाली ते सांगतो आणि आपण त्या आकड्यांना धरून रात्र काढतो. माझ्या वडिलांच्या वेळी दाजीच कागदावर आकडे लिहून ठेवायचे, दर दोन तासांनी, निळ्या पेनाने. तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही की मजा येतेय का.

तर तुमच्या मावसभावाला बोलू नका. पुढच्या प्रवासात त्याच्या शेजारी बसा आणि ज्याला भीती वाटते त्याला त्याच्या दुसऱ्या बाजूला बसवा. त्याला एवढंच सांगा की मॉडेल नंतर, आधी 'काही होत नाही, आता असं होईल' हे. दाजींच्या बाबतीत मी तिथे चुकलो. आईशी मी मराठीत बोललो आणि त्यांच्याशी इंजिनाच्या भाषेत. त्यांचेही हात थरथरत होते, ते मला खाली उतरल्यावर ताईने सांगितलं.

व्हिडिओबद्दलही एक. बसल्या जागी, पट्टा लावून, काही सेकंद काढलात तर हरकत नाही. विमान रिकामं करायचा हुकूम आला की फोन खिशात आणि बॅग वरच. तिथे जो कुणी शूटिंग करत उभा राहतो त्याला मी विमानप्रेमी मानत नाही. आणि वर मी जे 'पडत नाही' म्हणालो ते एक इंजिन जाण्याबद्दल आहे. १९८९ मध्ये सू सिटीला युनायटेडच्या डीसी-१० विमानाच्या शेपटातल्या इंजिनाचे तुकडे उडून विमान वळवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाच्या) यंत्रणा तुटल्या होत्या. इंजिन नुसतं बंद पडणं वेगळं आणि त्याचे तुकडे बाहेर येणं वेगळं.

ता. क. हे लिहून झाल्यावर दोन दिवस तसंच ठेवलं होतं, कारण एक गोष्ट लिहायची राहिली होती आणि ती न लिहिता पाठवणं बरोबर वाटेना. १२ जून २०२५, अहमदाबादला उड्डाणानंतर लगेच कोसळलेलं एअर इंडियाचं विमान. तो दुसरा, स्पष्ट आवाजाचा व्हिडिओ आला तेव्हा त्यात मला एक घूंऽऽ ऐकू आली. रॅट, म्हणजे वीज आणि हायड्रॉलिक दाब गेला की पोटाखालून बाहेर येणारा छोटा पंखा. मी तो आवाज कान लावून तीनदा ऐकला आणि आमच्या ग्रुपवर लिहिलं, "दोन्ही इंजिनं गेली, जीईएनएक्स." जीईएनएक्स हे त्या इंजिनाचं मॉडेल. आमच्यातलेच काही 'फ्लॅप (उड्डाणाला पंखाच्या मागून खाली काढायच्या पट्ट्या) लावलेच नव्हते' असं ठणकावून सांगत होते. महिन्याने प्राथमिक अहवाल आला. फ्लॅपचा दांडा पाच अंशांवर, म्हणजे बरोबर जागी होता. दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले होते. इंजिनाच्या मॉडेलमध्ये दोष असल्याचं त्या अहवालात काही नव्हतं.

मी ग्रुपवर ते वाक्य लिहीत होतो तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, टीव्हीकडे बघत उभी राहिली आणि मला विचारलं, "आत माणसं किती होती रे?" मला विमानाची जात माहीत होती, इंजिन माहीत होतं, धावपट्टी २३ माहीत होती. दोनशे बेचाळीस हा आकडा मला टीव्हीवर वाचून सांगावा लागला. ग्रुपवरचं ते वाक्य मी काढून टाकलं. दाजींचा फोन त्या रात्री दहा वाजता आला. विमानाबद्दल ते काही बोलले नाहीत, आई जेवली का एवढंच विचारलं.