नॉर्वेत जुनं घर घेतलंय. राखाडी भिंती आणि काँक्रीटची फायरप्लेस असा स्कँडिनेव्हियन दिवाणखाना करायचा आहे. राखाडीची कोणती छटा घ्यावी? आणि काँक्रीटमुळे खोली थंड वाटते का?

पारवा घेऊ नका, करडा घ्या.

आपण मराठीत सरसकट राखाडी म्हणून मोकळे होतो, पण आपल्याकडे शब्द आहेत. पारवा म्हणजे कबुतराच्या पाठीचा, निळ्याकडे झुकणारा. करडा म्हणजे ज्यात थोडी माती मिसळल्यासारखी वाटते तो. इथल्या रंगाच्या दुकानात दोन्हींना 'ग्रो' एवढंच म्हणतात आणि तिथेच माणूस फसतो. मी फसलो होतो. एक पूर्ण हिवाळा त्यात गेला, शिवाय थोरल्या भावाशी जो वाद सुरू झाला तो आजही मिटलेला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही त्रॉनहाइममध्ये राहतो. घर १९६० च्या दशकातलं, लाकडी. दिवाणखान्याच्या भिंतींना पाइनच्या फळ्या होत्या, वर्षानुवर्षं उन्हाने आणि धुराने मधासारख्या पिवळ्या पडलेल्या. त्या रंगवायच्या हे आमचं घर घेतानाच ठरलं होतं. दादा ऑस्लोत राहतो, माझ्या आधी सहा वर्षं इकडे आला. त्यामुळे नॉर्वेतल्या कुठल्याही गोष्टीत शेवटचा शब्द त्याचा, असं घरात सगळ्यांनी धरून चाललेलं. त्याच्या फ्लॅटचा हॉल राखाडी आहे आणि सुंदर दिसतो, हे मी मान्यच करतो. त्याने मला रंगाचा क्रमांक पाठवला आणि लिहिलं, 'डोळे मिटून हाच लाव.'

तो क्रमांक होता एस २५०२-बी. हे क्रमांक कसे वाचायचे ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं, म्हणून तुम्हाला सांगतो. इथे बहुतेक दुकानांत एनसीएस नावाची स्वीडिश रंगपद्धत चालते. पहिले दोन आकडे रंगात काळेपणा किती ते सांगतात, पुढचे दोन त्यात खऱ्या रंगाचा अंश किती ते, आणि शेवटचं अक्षर तो कुठल्या रंगाकडे झुकतो ते. बी म्हणजे निळा, वाय पिवळा, आर तांबडा, जी हिरवा. एन असेल तर कुठेच न झुकणारा. म्हणजे दादाच्या रंगात काळेपणा २५, रंग नुसता २, पण तो २ निळ्याचा. दोनाने काय होतंय असं वाटतं ना? मलाही तसंच वाटलं होतं.

ऑगस्टमध्ये आम्ही दोन हात मारले. ऑगस्टमध्ये इथे उजेडाची चैन असते. खोली मासिकातल्या फोटोसारखी दिसत होती. बायकोने तिच्या आईला व्हिडिओ कॉलवर चारही भिंती फिरून दाखवल्या.

मग नोव्हेंबर आला, बर्फ पडला, आणि भिंती निळ्या झाल्या. मी वाढवून सांगत नाही. डिसेंबरच्या शेवटी त्रॉनहाइमला दिवस साडेचार तासांचा असतो आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम ३ अंश येतो, म्हणजे समोरच्या घराच्या छपराआडच राहतो. आमच्या खिडक्या उत्तर-पूर्वेच्या. त्यातून आत येतो तो फक्त आभाळाचा उजेड आणि त्याचंच बर्फावरून परतलेलं प्रतिबिंब, दोन्ही निळे. त्यात भिंतीतला तो २ निळा जागा झाला. मुलीने गृहपाठाची वह्या-पुस्तकं उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. पाठोपाठ बायको गेली, मग मीही. डिसेंबरभर आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी आणि दिवाणखाना रिकामा.

दादाला सांगितलं तर म्हणाला, 'थंडी भिंतीत नाही, तुझ्या मनात आहे. फायरप्लेस पेटव, सगळं ठीक होईल.'

आता फायरप्लेसकडे येतो, कारण तुमचा दुसरा प्रश्न तिथेच आहे.

शेजारी एक आजोबा राहतात, आयुष्यभर गवंडीकाम केलेले. इथल्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारतो, पण मराठीत लिहायला बसलो की आजोबाच येतं. आम्ही बांधली ती फायरप्लेस त्यांच्या हाताखाली. तुम्ही फोटोत पाहता त्या सगळ्या 'काँक्रीटच्या' फायरप्लेस भरीव काँक्रीटच्या असतात असं समजू नका. भरीव काँक्रीट घनमीटरला २४०० किलोच्या आसपास भरतं, आणि जुन्या नॉर्वेजियन घरात खाली लाकडी तुळयांची जमीन असते. म्हणून बहुधा आत काचेच्या दाराची लोखंडी भट्टी, भोवती हलक्या काँक्रीटचे ठोकळे आणि त्यावर बारीक गिलावा, असं काम असतं. आमचंही तसंच आहे. भट्टी आणि काँक्रीट एकमेकांना कुठेही टेकता कामा नयेत, कारण लोखंड तापलं की फुगतं. खालून गार हवा आत येईल आणि वरून गरम हवा बाहेर पडेल अशा फटी ठेवायच्या. दिसायला बऱ्या नाहीत म्हणून लोक वरची फट बुजवतात, आणि मग खोली तापत नाही म्हणून काँक्रीटला नावं ठेवतात.

गिलावा २८ नोव्हेंबरला संपला. आजोबांनी आमच्या कॅलेंडरवर २६ डिसेंबरला पेन्सिलीने गोल केला. तोपर्यंत विस्तव नाही. त्यानंतर आठवडाभर रोज चार-पाच काटक्यांचा छोटा जाळ, खिडकी उघडी ठेवून. सिमेंटला २८ दिवस द्यायचे हे त्यांच्यासाठी वादापलीकडचं होतं.

दादा आणि वहिनी २२ ला आले. बायको म्हणाली, 'भाऊजी, ते अजून ओलं आहे.' दादाने हात लावून पाहिलं, कोरडंच आहे म्हणाला, आणि भट्टी बर्चच्या लाकडांनी गच्च भरून पेटवली. मी अडवायला हवं होतं. पण बाहेर उणे अकरा होतं, खोली निळी होती, आणि खरं सांगतो, मलाही तो जाळ हवाच होता. तासाभरात भट्टीची काच लालबुंद दिसायला लागली. वहिनीने शाल बाजूला ठेवली. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच सगळे दिवाणखान्यात बसले होते. साडेनऊच्या सुमाराला 'टक्' असा आवाज आला. भट्टीच्या दाराच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून तिरका वर गेलेला वीतभर तडा.

दादा लगेच म्हणाला, 'बघ, म्हणून मी म्हणतो काँक्रीट फक्त शोभेला. सोपस्टोन घ्यायला हवा होता.'

सोपस्टोन उत्तमच आहे, काँक्रीटपेक्षा उष्णता चांगली धरतो, आणि आमच्या गावातलं निदारोस कॅथेड्रल त्याच दगडाचं आहे, तेव्हा मला त्याचं महत्त्व कुणी सांगायला नको. पण तडा काँक्रीटमुळे नाही गेला, घाईमुळे गेला. दुसऱ्या दिवशी आजोबा आले, तड्यावरून नख फिरवलं, कॅलेंडरवरचा गोल पाहिला आणि काही बोलले नाहीत. नंतर समजावलं ते एवढंच: आतलं पाणी सावकाश निघायला हवं, एकदम तापवलं की गिलावा एकदम आकसतो आणि जिथे कोपरा आहे तिथेच फाटतो. जानेवारीत आम्ही तडा खरवडून मोकळा केला, कोपऱ्यावर काचतंतूची जाळी तिरकी बसवली आणि पुन्हा गिलावा केला. मग २८ दिवस कुणीही काडी पेटवली नाही. आज चौथा हिवाळा चालू आहे, तिथे केसाएवढीही रेघ नाही.

तर काँक्रीट थंड असतं का? पेटवलं नसेल तेव्हा हाताला गार लागतं, कारण ते हातातली ऊब ओढून घेतं. त्याने खोली थंड होत नाही. पेटवल्यावर पहिला तासभर उष्णता देते ती काच आणि वरच्या फटीतून येणारी हवा, काँक्रीट नुसतं शोषत बसतं. मग विस्तव विझल्यावर ते परत द्यायला लागतं. आमच्याकडे रात्री अकराला शेवटचं लाकूड टाकलं तर सकाळी मुलीचे हातमोजे तिथे उबदार मिळतात. उघडी फायरप्लेस मात्र करू नका, फोटोत कितीही छान दिसली तरी. निम्म्याहून कितीतरी जास्त ऊब धुराड्यातून वर जाते. इथे १९९८ पासून नव्या लाकडी भट्ट्यांना धुरातल्या कणांची मर्यादा पाळावी लागते, त्या नियमातली काचेच्या दाराची भट्टी घ्या. आणि जाळ वरून पेटवा, खाली मोठी लाकडं आणि माथ्यावर काटक्या, धूर खूप कमी होतो. लाकडाची साल वर ठेवायची की खाली, ते तुमचं तुम्ही ठरवा. २०१३ मध्ये इथल्या सरकारी वाहिनीने लाकूडफाटा आणि पेटती भट्टी असा सलग १२ तासांचा कार्यक्रम दाखवला होता, तेव्हा सालीवरून प्रेक्षकांत दोन तट पडले होते. मी साल वर ठेवतो.

आता भिंतींचा शेवट. दादाचं म्हणणं असं की राखाडी म्हणजेच स्कँडिनेव्हिया, आणि तो राखाडी गारच असतो, तुला सोसत नसेल तर तो तुझा दोष. हे मला आजही लागतं, कारण ते खरं नाही. स्वीडनमध्ये सुंदबोर्नला चित्रकार कार्ल लार्सन यांचं घर आहे, तिथे लाल, हिरवा, निळा काय वाटेल ते आहे. डिझायनर योसेफ फ्रांक १९३४ पासून स्टॉकहोमच्या 'स्वेन्स्क्त तेन' या गृहसजावटीच्या दुकानासाठी कापडांवर फुलं-पानं दाटीवाटीने काढत होते. ही दोन्ही उदाहरणं मी दिली तेव्हा दादाने हुकमी पान टाकलं: हामरशॉय. डेन्मार्कचे चित्रकार विल्हेल्म हामरशॉय, १८६४ ते १९१६. कोपनहेगनच्या आपल्या घरातल्या रिकाम्या खोल्या त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवल्या, राखाडी भिंती, एक दार, पाठमोरी बाई. दादा म्हणाला, हे घे, शंभर वर्षांपूर्वीचा राखाडी.

म्हणून फेब्रुवारीत कोपनहेगनला कामासाठी गेलो तेव्हा तिथल्या सरकारी कलासंग्रहालयात जाऊन मी ती चित्रं पाहिली. जवळून पाहिलं की दिसतं, त्या भिंतींत तपकिरी आहे, पिवळट आहे, जुन्या कागदाचा रंग आहे. ते करडे आहेत. मी तिथूनच बायकोला फोन केला आणि म्हटलं, दुकानात जाऊन एस २५०२-वाय सांग. काळेपणा तोच २५, रंग तोच २, फक्त निळ्याच्या जागी पिवळा.

दोन हात मारले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुलगी वह्या घेऊन परत दिवाणखान्यात आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता राहिलेल्या गोष्टी. तुमच्या खिडक्या दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या असतील तर दादाचा रंगसुद्धा चालेल. त्याच्या फ्लॅटच्या खिडक्या नैर्ऋत्येच्या आहेत, आणि ऑस्लोचा सगळ्यात छोटा दिवसही जवळपास ६ तासांचा असतो, म्हणूनच तिथे तो शोभतो. नमुना भिंतीवर मारू नका, मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो पुठ्ठा खोलीभर फिरवा, आणि ढगाळ सकाळी पाहून ठरवा. फायरप्लेसच्या मागे लाकडी भिंत असेल तर मध्ये आगरोधक भिंत लागेल, आणि भट्टीच्या दारापुढे किमान ३०० मिलिमीटर न जळणारी जमीन. नवी भट्टी बसवली की नगरपालिकेला कळवावं लागतं, ते विसरू नका. जमिनीला वजन पेलेल का हे जाणकाराकडून आधी तपासून घ्या. हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

दादा गेल्या डिसेंबरात परत आला होता. चांगला दोन तास भट्टीपुढे बसला, आणि उठताना म्हणाला की खोली आता उबदार वाटते ती रंगामुळे नाही, तू पिवळे बल्ब लावलेस म्हणून. बल्ब मी बदललेलेच नाहीत. त्या निळ्या हिवाळ्यात होते तेच आहेत, २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचेच, तेव्हा दादानेच ऑस्लोहून आणलेले.