अठ्ठ्याहत्तरीतला गिल्मर आणि चाहत्यांचे रुसवे

या वेळचा पत्रांचा गठ्ठा सोडला तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच माणसाबद्दलची निघाली. डेव्हिड गिल्मर, पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवाला. ६ सप्टेंबर २०२४ ला त्याचा ‘लक अँड स्ट्रेंज’ हा अल्बम आला. त्याआधीचा ‘रॅटल दॅट लॉक’ २०१५ चा. नऊ वर्षं वाट बघितलेली मंडळी आहेत, त्यामुळे कोणी भारावलंय, कोणी घुश्शात आहे. ॲम्प्लिफायरच्या घरघरीबद्दल ज्यांनी लिहिलंय त्यांनी कृपया एक महिना घरघर सहन करावी. हा अंक गिल्मरचा.

काका, नऊ वर्षांनी अल्बम आला आणि तो पाऊण तासाच्या आत संपला! गिटारचे सोलो कुठे आहेत? ‘अ सिंगल स्पार्क’मध्ये आत्ता कुठे गिटार लागायला लागते तर गाणंच संपतं. म्हातारा दमला का? – एक वाचक, डोंबिवली

दमलेला नाही. तुम्ही शेवटच्या गाण्यापर्यंत पोचला होतात का? ‘स्कॅटर्ड’ साडेसात मिनिटांचं आहे. त्यात आधी तो साध्या, बिनविजेच्या गिटारवर वाजवतो, तीही कशी, तर तार किंचित खरखरते आहे आणि ती तशीच राहू दिलीय. मग इलेक्ट्रिक येते. तेवढं ऐकून परत पत्र लिहा.

पण तुमची तक्रार खोटी नाही. सोलो कमी आहेत आणि ते मुद्दाम कमी आहेत. यामागे चार्ली अँड्र्यू नावाचा निर्माता आहे. ‘ऑल्ट-जे’ या इंग्लिश बँडच्या पहिल्या अल्बमचं काम त्याने केलं, त्या अल्बमला २०१२ चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. वयाने गिल्मरच्या मुलांच्या पिढीचा. त्याला फ्लॉइडचं फारसं काही ठाऊक नव्हतं आणि त्या दबदब्याचं दडपणही नव्हतं, हे गिल्मरनेच मुलाखतींत हसत सांगितलंय. हा पठ्ठ्या डेमो ऐकून विचारायचा, इथे सोलो कशाला हवा? आणि तुमची सगळी गाणी विरत विरतच का संपतात, एखादं नुसतं थांबलं तर काय बिघडेल?

पन्नास वर्षांत हे त्याला तोंडावर कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. कोण विचारणार? आजूबाजूला सगळे आपल्यासारखेच, ‘वाजवा अजून’ म्हणणारे. ‘ऑन ॲन आयलंड’ (२००६) आणि ‘रॅटल दॅट लॉक’ या दोन्हींत फिल मॅन्झनेरा सहनिर्माता होता, जुना मित्र. ‘ऑन ॲन आयलंड’ मला मनापासून आवडतो, पण दुपारी जेवून लावला की तिसऱ्या गाण्यात डोळा लागतो. या अल्बममध्ये तसं होत नाही. ढोलकाम वेगळं आहे, काही गाण्यांत स्टीव्ह गॅडसारखा उस्ताद बसलाय, बासवर गाय प्रॅटबरोबर टॉम हर्बर्टही आहे, विल गार्डनरने लिहिलेली तंतुवाद्यं आणि वृंदगान आहे. गिटार या सगळ्यांत जागा मागून घेते.

बुधवार पेठेत माझं दुकान होतं, रेडिओ-ॲम्प दुरुस्ती आणि बाजूला कॅसेट भरून द्यायचा धंदा. एक गिऱ्हाईक फ्लॉइडच्या ‘कम्फर्टेबली नम्ब’चा फक्त शेवटचा सोलो, नव्वद मिनिटांच्या टीडीके कॅसेटवर, दोन्ही बाजूंना लागोपाठ भरून मागायचं. मी दिलाही भरून, धंदा होता. पण त्या माणसाला गाण्याचे शब्द काय आहेत, गाणारा काय गातोय, याच्याशी देणंघेणं नव्हतं. पंगतीला बसून थेट जिलबीला हात घालणारे असतात, त्यातला प्रकार. आता नव्या अल्बमच्या शब्दांबद्दल: पॉली सॅमसन ही लेखिका, गिल्मरची बायको. या अल्बममधले बरेचसे शब्द तिचे आहेत. विषय म्हातारपण, मरण, आणि आपण गेल्यावर जी राहील तिचं काय. लॉकडाउनमध्ये घरात कोंडून बसल्यावर या गोष्टींवर बोलणं होत होतं, त्यातून हे आलं, असं दोघांनीही सांगितलंय. या विषयावर प्रत्येक गाण्यात चार मिनिटांचा सोलो टाकला असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं, गाण्याला नाही.

आदरणीय महोदय, ‘बिटवीन टू पॉइंट्स’ हे गाणं गिल्मरने स्वतःच्या मुलीला गायला दिलं आहे. राजकारणात घराणेशाही चालते, सिनेमात चालते, आता इथेही? – एक संतप्त वाचक, नागपूर

गायिकेचं नाव काढून टाका आणि पुन्हा ऐका. रोमनी गिल्मरचा आवाज कोवळा आहे पण लाडिक नाही, भावना दाखवायची हौसही नाही. हार्पही तीच वाजवते. मला विचाराल तर अल्बममधलं सगळ्यात पक्कं गाणं हेच, आणि गंमत म्हणजे ते ना गिल्मरचं आहे ना पॉलीचं. मँचेस्टरच्या ‘द माँगोल्फिए ब्रदर्स’ या जोडीचं १९९९ चं गाणं. गिल्मरला वाटायचं हे सगळ्यांना माहीत असणार. लोकांना विचारलं तर कोणी नावही ऐकलेलं नाही. मूळ गायक रॉजर क्विग्ली २०२० मध्ये गेला, त्यामुळे त्याला हे ऐकायला मिळालं नाही, याची मात्र चुटपुट लागते.

बरं, ही मुलगी काही परवा उगवलेली नाही. २०२० मध्ये हे कुटुंब घरातून इंटरनेटवर गाण्याच्या बैठकी करत होतं, लेनर्ड कोहेनची गाणी व्हायची, तेव्हापासून ती बापाबरोबर गातेय. त्याच वर्षीच्या ‘यस, आय हॅव घोस्ट्स’ या गाण्यातही ती आहे. आपल्याकडे बुवांच्या मागे मुलगा तंबोरा घेऊन बसला, मध्येच एक आलाप त्याला दिला, की अख्खा मांडव ‘क्या बात है’ म्हणतो. तिथे नागपूरकरांनी कधी पत्र पाठवल्याचं स्मरत नाही. शेवटी सोलो बापाचाच आहे, तेवढं समाधान करून घ्या.

काका, शीर्षकगीतात फ्लॉइडच्या रिक राइटचा कीबोर्ड आहे. तो २००८ मध्येच वारला. गेलेल्या माणसाचं रेकॉर्डिंग काढून विकणं तुम्हाला पटतं? मला ऐकताना रडू आलं आणि मग फसवल्यासारखंही वाटलं. – एक वाचक, कोल्हापूर

रडू आलं ते खरं धरा. फसवणूक नाही.

झालं ते असं. ‘ऑन ॲन आयलंड’चा दौरा संपल्यानंतर २००७ च्या सुरुवातीला गिल्मरच्या घराजवळच्या एका कोठारात चौघं बसले: गिल्मर, राइट, बासवर गाय प्रॅट, ड्रमवर स्टीव्ह डिस्टॅनिस्लाओ. थंडी मरणाची. गिल्मरने एक चाल छेडली, बाकीचे तिच्यात शिरले. ठरवून काही नाही. पुढच्या वर्षी १५ सप्टेंबरला राइट गेला. ते वाजवणं तसंच पडून होतं. आता त्यावर शब्द आणि बाकीची वाद्यं चढवून गाणं केलं.

राइटचं वाजवणं पुढे न येणारं होतं. गिल्मर नि फ्लॉइडचा बासवाला रॉजर वॉटर्स भांडत असताना हा मागे बसून अख्ख्या खोलीची हवा बदलायचा. इथेही तेच करतो. गिटारने वाक्य टाकलं की तो लगेच उत्तर देत नाही, जरा थांबतो, मग दोनच स्वर. त्याची नक्कल करणारे पुष्कळ झाले, पण ते थांबणं कोणाला जमलं नाही.

तुमच्या शंकेवर उपाय सांगतो. सीडीवर शेवटी त्या कोठारातलं मूळ वाजवणं, जवळजवळ चौदा मिनिटं, जोडलेलं आहे. आधी ते ऐका, मग गाणं. लपवायचं असतं तर कच्चा माल असा समोर ठेवला नसता. माझी तक्रार असलीच तर उलटी आहे: मला ते कोठारच जास्त आवडलं. त्यात कोणालाच कुठे पोचायची घाई नाही.

गिल्मर म्हणतो, १९७३ च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’नंतरचं हे माझं सर्वोत्तम काम. तुमचं मत? – पुणे

मध्ये १९७५ येतं. त्या साली फ्लॉइडचा ‘विश यू वेअर हिअर’ आला. पुढचा प्रश्न.

मी हौशी गिटारवादक आहे. गिल्मरने २०१९ मध्ये त्याची प्रसिद्ध काळी स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार) विकली. नव्या अल्बममध्ये टोन, म्हणजे गिटारच्या आवाजाचा पोत, बदललाय तो त्यामुळेच ना? आमच्या ग्रुपमध्ये यावरून जोरदार वाद झाला. – एक वाचक, मडगाव

वादात तुम्ही हरलात, हे गृहीत धरतो. ती गिटार न्यू यॉर्कला ख्रिस्टीजच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. तिच्याबरोबर शंभरावर गिटारी गेल्या, सगळे मिळून दोन कोटी डॉलरच्या वर जमले आणि ते त्याने क्लायंटअर्थ या पर्यावरणासाठी कोर्टात लढणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. ज्याला आपला टोन लाकडात आहे असं वाटतं तो असं करत नाही.

त्याचं सगळं डाव्या हाताच्या बोटांत आहे. तो तार ओढतो ती एका झटक्यात नाही. आपल्या सतारियाची मींड असते तशी टप्प्याटप्प्याने वर नेतो, नेमक्या सुरावर टेकवतो आणि टेकल्यावरच हलवतो. नव्या अल्बममध्ये फरक आहे तो असा की आवाज घुमवणाऱ्या इको-रिव्हर्बचा पडदा पातळ केलाय, म्हणून बोटं जवळून ऐकू येतात. ‘द पायपर्स कॉल’च्या शेवटचा सोलो लावा. स्वच्छ नाही, जरा करवादलेला, चिडका आवाज. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस चिडून वाजवतोय, मला तर फार बरं वाटलं.

तुम्ही नवी गिटार घेण्यापेक्षा महिनाभर एकच बेंड, म्हणजे तार ओढून चढवलेला सूर, सुरात आणा. घरचे कंटाळतील, इलाज नाही.

तुम्ही गिल्मरच्या बाजूचे की वॉटर्सच्या? – ठाणे

१९८५ ला वॉटर्सने फ्लॉइड सोडला तेव्हापासून हा प्रश्न चाललाय, मी पंचगिरीतून निवृत्त झालो. मुंबईत वॉटर्सला २००७ मध्ये ऐकलेले लोक आजही त्याच्या नावाने शपथ घेतात, त्यांच्या वाटेला कोण जाणार. एवढं मात्र बघा. वॉटर्सने २०२३ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, ‘डार्क साइड’ नव्याने ध्वनिमुद्रित केला आणि त्यातले गिटारचे सोलो काढून टाकून त्या जागी स्वतः बोलत बसला. इकडे गिल्मरने आपले सोलो आवरते घेतले. दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण चाहत्यांना एकाच गोष्टीवरून रडवतात. आणि ६ सप्टेंबर, ज्या दिवशी गिल्मरचा अल्बम आला, तो वॉटर्सचा वाढदिवस. यावरून काय अर्थ काढायचा तो ठाणेकरांनी काढावा.

आम्ही दोघं ऑक्टोबरमध्ये गिल्मरला ऐकायला रॉयल अल्बर्ट हॉलला गेलो होतो. नवं गाणं सुरू झालं की आमच्या रांगेतली माणसं बिअर आणायला उठत. आणि आधी सत्तरच्या दशकातली गाणी नकोत म्हणणाऱ्या गिल्मरने ती वाजवलीच! मला वाईट वाटलं की आनंद झाला, अजून कळलेलं नाही. – एक वाचक, लंडनजवळून

लंडनची तिकिटं मिळाली आणि वर पत्रही लिहिताय! असो.

सत्तरच्या दशकातल्या फ्लॉइडकडे परत जायला मन घेत नाही असं तो आधी म्हणाला होता हे खरं. पण रोमच्या सर्कस मॅक्सिमसपासून न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनपर्यंत दौऱ्यातल्या गाण्यांची यादी बघा: ‘ब्रीद’, ‘टाइम’, ‘विश यू वेअर हिअर’ आणि निरोपाला ‘कम्फर्टेबली नम्ब’. हे मला शब्द फिरवणं वाटत नाही. त्याने लोकांशी सौदा केला. जुनं देतो, पण नवा अल्बम जवळजवळ सगळा ऐकावा लागेल, आणि तोही मधूनमधून, बिअरला नेमकं कधी उठावं ते कळणार नाही अशा बेताने. शिवाय जुन्यातलंही सगळं जसंच्या तसं दिलं नाही. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ तुम्ही तिथे पाहिलंच असेल: एकटीने आकाश फाडायचं ते गाणं, इथे बायका पियानोभोवती जमून, मेणबत्त्या लावून, वाटून गात होत्या. त्यावरही चाहत्यांत दोन तट पडलेत. मला ते पटलं. १९७३ मध्ये मूळ गायिका क्लेअर टॉरीने जे केलं त्याच्याशी बरोबरी करायला जाऊन पडण्यापेक्षा वेगळ्या दाराने आत जावं.

रांगेतल्या माणसांवर रागावू नका. सत्तरीत दोन तास बसणं अवघड असतं, सगळेच बिअरसाठी उठत नसतील.

रेकॉर्ड घ्यावी की मोबाइलवर ऐकावं? – नाशिक

मोबाइलवर ऐका, पण वायरवाले हेडफोन लावून आणि चालता चालता नाही. ‘व्हिटा ब्रेव्हिस’ एक मिनिटसुद्धा नाही. नुसती हार्प आणि गिटार. रिक्षाच्या आवाजात ती कधी येऊन गेली हे कळायचं नाही. घरी चांगली टर्नटेबल असेल तर रेकॉर्ड घ्या. सुटकेसमधला बारका प्लेअर असेल तर पैसे वाचवा, ती सुई खोबणी खाते.

माझी मुलगी अकरावीत आहे. तिला गिल्मरचं गिटार वाजवणं ‘स्लो’ वाटतं, फक्त रोमनीचं गाणं दिवसभर लावते. तिला फ्लॉइडकडे कसं वळवू? – सातारा

वळवू नका हो. तिला ‘द माँगोल्फिए ब्रदर्स’चं मूळ ‘बिटवीन टू पॉइंट्स’ शोधून द्या. ते आणखी स्लो आहे, बघा तिला चालेल.

(प्रश्न पाठवताना गावाचं नाव आणि, ॲम्पबद्दल असेल तर, मॉडेल नंबर लिहावा. ‘काळा आहे, जुना आहे’ एवढ्यावर निदान होत नाही.)