घरात थॅलेसेमिया असताना ‘निसर्गाच्या विरुद्ध जाऊ नका’ हे ऐकून घेऊ नका

प्रश्न : पुण्यात आयव्हीएफ सुरू आहे. डॉक्टर भ्रूणाची जनुकीय चाचणी सुचवतायत. घरचे म्हणतात, निसर्गाच्या विरुद्ध जाऊ नका. ज्यांनी केली त्यांना काय वाटतं?

घरच्यांचं ते वाक्य वाचलं म्हणून लिहिते आहे. माझ्या नणंदेनं तेच आमच्या सिंहगड रोडच्या घरात, भरल्या ताटावर मला ऐकवलं होतं.

थॅलेसेमिया हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. आम्ही दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे नुसते वाहक. हा आजार सिंधी-पंजाबी लोकांत असतो, आपल्यात नाही, असं दोन्ही घरं धरून चालली होती. थोरली तान्ही असतानाच पांढरीफटक पडली, तेव्हा कळलं की ती मेजर आहे, म्हणजे तिला प्रत्यक्ष आजार आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. त्यातून लोह साठतं, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी पाण्यात विरघळवलेली गोळी. मे महिन्यात कॉलेजं बंद, रक्तदान शिबिरं कमी, मग रक्तपेढ्यांना फोनवर फोन. आता सुई टोचताना ती रडत नाही, स्वतःच हात पुढे करते.

त्यानंतर आपसूक दिवस राहिले. अकरा आठवडे उलटल्यावर वारेचा तुकडा काढून तपासला. रिपोर्ट मेजर आला आणि गर्भपात करावा लागला. रिपोर्ट येईपर्यंत माहेरीसुद्धा सांगितलं नव्हतं, पोटावर हात ठेवायचीही भीती वाटायची. त्यातून पुन्हा जायचं नाही, म्हणून आम्ही पीजीटी-एमला, म्हणजे घरात असलेला ठराविक आजार भ्रूणातच तपासणाऱ्या चाचणीला गेलो.

नणंदबाई म्हणाल्या, ‘म्हणजे पहिली नकोच होती म्हणा की.’ सासूबाई समोर होत्या म्हणून तेव्हा गप्प बसले. थोरली मला हवी होती आणि हवी आहे. तिच्या पाठच्याला तीच सुई लागू नये असं वाटलं, तर त्यात तिला नाकारणं कुठे आलं? दोघं मायनर असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक मेजर, हा निसर्ग. त्याची बाजू घेणाऱ्या नणंदबाई रक्ताच्या दिवशी एकदाही आमच्यासोबत आलेल्या नाहीत.

आधी आम्हा दोघांचं आणि थोरलीचं रक्त घेऊन लॅबनं आमच्यापुरती चाचणी बसवली, त्यात बरेच आठवडे गेले. मग पाचव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी काढल्या, भ्रूण गोठवले आणि रिपोर्टनंतर एक आत सोडला. तो मायनर होता. मायनर म्हणजे आमच्यासारखाच, निरोगी. त्यावर नणंदबाई : ‘एवढे पैसे ओतून मायनरच?’ इतके दिवस निसर्गाचं नाव घेणाऱ्या बाईला आता शंभर नंबरी सोनं हवं होतं! धाकटा उत्तम आहे, त्याला रक्त कधीच लागलं नाही.

बाकीच्यांचं विचाराल, तर ज्यांच्या घरात आजार आहे त्यांना ही चाचणी चूक की बरोबर असा प्रश्न पडलेला मी पाहिला नाही. त्यांची काळजी पैशाची, इंजेक्शनांची आणि एकही चांगला भ्रूण उरला नाही तर काय, याची असते. एक सासूबाई मात्र हळूच ‘मुलगा आहे का ते कळेल ना?’ विचारत होत्या. नाही सांगत. लिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यात २००३ पासून गर्भधारणेआधीची लिंगनिवडही येते, आणि ते योग्यच आहे.

आता तुमचं. तुम्ही आजाराचा उल्लेख केलेला नाही, म्हणजे तुम्हाला बहुधा पीजीटी-ए सुचवली असेल, गुणसूत्रांची संख्या मोजणारी. ती वेगळी चाचणी आहे. तिनं भ्रूण सुधारत नाही, फक्त निवड होते. वय जास्त असेल किंवा वारंवार गर्भपात झाले असतील तर विचार करा. वय कमी आणि भ्रूण चांगले असतील तर सरसकट करून घेण्याइतका फायदा दिसलेला नाही, मग डॉक्टरांना ‘आम्हालाच का?’ असं स्पष्ट विचारा. शिवाय तपासायला काढलेल्या पेशी पुढे वार होणाऱ्या थरातल्या असतात, त्यामुळे चूक होऊ शकते. आम्हीही नंतर वार तपासून खात्री केली होती.

आणि अजून केलं नसेल तर मिसेसचं एचबीए-टू, म्हणजे थॅलेसेमियाची वाहक आहे का हे सांगणारं रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचं प्रमाण, तपासून घ्या. ३.५ टक्क्यांच्या वर आलं तर लगेच तुमचंही. दोघांचे रिपोर्ट हातात येईपर्यंत कुठल्याही पॅकेजवर सही करू नका.