वाळू किती, सावली कुठे?

प्रश्न : आमच्या वॉर्डातल्या बालोद्यानात झोक्यांखाली सिमेंटचा कोबा आहे. पडून मुलांचे हात मोडतात. नगरपरिषद म्हणते, हिरवळ लावू किंवा रबराच्या लाद्या बसवू. दोन्हींपैकी काय मागावं?
— एक नगरसेविका, विदर्भ

उत्तर : दोन्ही नको, वाळू मागा. झोक्याखालची हिरवळ महिन्याभरात पायांनी खरवडली जाते, मग उरते ती धोपटलेली माती, आणि उन्हाळ्यात ती कोब्याइतकीच कडक होते. रबराची लादी चांगली असते, पण आपल्याकडे निविदेत बहुधा एक इंची लादी येते, तीही कोब्यावर चिकटवलेली. बुटकी घसरगुंडी असेल तर ती पुरते, झोक्याला पुरत नाही. शिवाय विदर्भातल्या दोन-तीन उन्हाळ्यांत कडा उचकटतात आणि मुलं त्यांनाच ठेचकाळतात.

वाळू धुतलेली, नदीची, ०.२ ते २ मिमी दाण्याची घ्यावी. क्रशरची, म्हणजे यंत्रात दगड फोडून केलेली वाळू घेऊ नका. तिचे दाणे टोकदार असतात आणि भुकटीमुळे पावसानंतर ती दगडासारखी बसते. दोन मीटरपर्यंतच्या उंचीवरून पडण्यासाठी २० सेंमी थर लागतो. पायांनी वाळू उडते म्हणून वर आणखी १० सेंमी, म्हणजे भरायची ३० सेंमी. कोबा फोडूनच खड्डा घ्या. तळाशी १० सेंमी खडी, तीवर वाळू खाली उतरू नये म्हणून जिओटेक्स्टाइलचं कापड, आणि एका बाजूने छिद्रांचा चार इंची पाइप गटाराला जोडलेला. हा पाइप अंदाजपत्रकातून सगळ्यात आधी कापला जातो. तो नसेल तर जुलैत झोक्याखाली डबकं आणि त्यात डास.

आता हिशेब, कारण सभेत तोच विचारतील. झोका ज्या आडव्या दांडीला टांगलेला असतो तिच्या उंचीच्या दुप्पट अंतर पुढे आणि तितकंच मागे मऊ हवं. दांडी २.४ मीटरवर असेल तर ४.८ अधिक ४.८, म्हणजे ९.६ मीटर लांबी. दोन झोक्यांची चौकट ३ मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना १.८ मीटर धरले तर रुंदी ६.६ मीटर. या जागेत ३० सेंमी थराला १९ घनमीटर, म्हणजे पावणेसात ब्रास वाळू लागते. आकडा ऐकून अभियंता दचकेल. तो म्हणेल एक ब्रास टाकू. एक ब्रास म्हणजे त्या जागेवर साडेचार सेंमीचा थर, म्हणजे शोभेपुरता. त्याऐवजी दांडी १.८ मीटरवर घ्या, पाच ब्रासमध्ये काम होतं. थर कमी करण्यापेक्षा झोका बुटका केलेला बरा. आणि एका चौकटीत दोनच झोके. तिसरा घुसवला की मधला मुलगा दोन्हीकडून मार खातो.

खरेदी मे संपायच्या आत उरका. १० जून ते ३० सप्टेंबर नदीतून वाळूउपसा बंद असतो, मग भाव विचारू नका. गाडी रिकामी झाली त्याच दिवशी वाळू खड्ड्यात पसरून घ्या. ढीग रात्रभर राहिला तर सकाळी तो लहान झालेला असतो, हे सांगायला नको. चौकटीच्या पायांवर ३० सेंमीच्या पातळीला लाल पट्टा मारा. पट्ट्याखाली खांब दिसू लागला की वाळू ओढायची वेळ झाली, हे माळ्यालाही कळतं आणि पालकांनाही. आठवड्याला दाताळ्याने वाळू समतल करा, पंधरवड्याला फावड्याने वीतभर खालवर करा, नाहीतर ती दाबून बसते. कुत्र्यामांजरांसाठी मीटरभर उंचीची जाळी आणि आपोआप मिटणारं फाटक हवंच. वाळू म्हटलं की घाणीचा आक्षेप येतो आणि तो खराही आहे, पण त्यावर उत्तर कुंपण आहे, कोबा नाही.

तिथे असतानाच दोन गोष्टी पाहून घ्या. साखळीच्या एस आकाराच्या हुकाच्या फटीत एटीएम कार्ड सरकलं, तर हुक उघडलाय. तो दाबून बंद करून घ्या, पार ताणलेला असेल तर बदला. आणि कठड्याच्या गजांमधली फट ९ ते २३ सेंमी असेल तर तिथे लहान मुलाचं धड आत जातं आणि डोकं अडकतं. फट ९ सेंमीच्या आत आणा.

प्रश्न : तळ्याकाठच्या चालण्याच्या मार्गावर पेव्हर ब्लॉक आहेत. दोन वर्षांत ते उंचसखल झाले, ज्येष्ठ मंडळी अडखळतात. नवे ब्लॉक टाकणार आहेत. त्याने प्रश्न सुटेल का?
— निवृत्त शिक्षक, मराठवाडा

उत्तर : नाही. ब्लॉक फुटलेले नाहीत ना? मग दोष खालच्या जमिनीचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं सगळं तिच्याबरोबर वरखाली होतं. निदान ४५ सेंमी काळी माती काढून मुरूम भरल्याशिवाय नवे ब्लॉकही तसेच नाचतील. दुसरा दोष कडेचा. मार्गाच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटमध्ये पक्की बसवलेली कड नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात आणि खालची कच वाहून जाते.

आमचं मत विचाराल तर ब्लॉक नकोतच. माती काढून भरलेल्या मुरमावर १० सेंमी खडी-मुरूम दाबायचा, त्यावर चाळलेला ५ सेंमी बारीक मुरूम. दोन्ही थर वेगवेगळे, पाणी मारून, टनभर वजनाच्या रोलरने. रुंदी दोन मीटर, म्हणजे दोघं गप्पा मारत जातात आणि समोरचा सुटतो. मधोमध उंची कडेपेक्षा अडीच सेंमी जास्त ठेवा, पाणी दोन्हीकडे निघून जातं. उन्हाळ्यात संध्याकाळी पाणी शिंपडावं लागतं आणि पावसाळ्यानंतर वरचा थर थोडा भरावा लागतो. ही कामं एका माणसाची, पण दरवर्षीची. ब्लॉकवाल्यांना नेमकं हेच सोयीचं वाटतं, की ब्लॉकमध्ये दरवर्षीचं काही दाखवावं लागत नाही.

प्रश्न : दात्यांनी दिलेली बाकं बागेत भरपूर आहेत, पण संध्याकाळी लोक कट्ट्यावर नाहीतर गाड्यांवर बसतात. असं का?

उत्तर : संध्याकाळी चार-पाच वाजता बाकावर हात ठेवून बघा. पश्चिमेचं ऊन दुपारभर खाल्लेला कडप्पा किंवा सिमेंट तेव्हा चटका देतं. बाकं झाडाच्या पूर्वेला हलवा, दुपारनंतर सावली तिकडेच पडते. बैठक जमिनीपासून ४५ सेंमी हवी, मागे पाठ आणि निदान एका टोकाला हाताला धरायला आधार. गुडघेदुखीवाला माणूस त्यावर रेटूनच उठतो. तोंड भिंतीकडे नको, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे हवं. वाईच्या घाटाच्या पायऱ्यांवर पाठ टेकायला काही नाही, तरी लोक तासन्‌तास बसतात, कारण समोर कृष्णा आहे आणि माणसांची वर्दळ आहे. दात्याचं नाव पाठीच्या मागच्या बाजूला लिहिलं तरी चालतं.

प्रश्न : ओपन जिमची यंत्रं वर्षभरात करकरू लागली, दोन तर जाम झाली. ठेकेदार म्हणतो, लोक नीट वापरत नाहीत.

उत्तर : थोडं खरं आहे, पोरं त्यावर तिघंतिघं झोके घेतात. पण जाम होण्याचं कारण बेअरिंग. सांध्यावरची टोपी काढून बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचा. शेवटी ‘झेड झेड’ असेल तर त्याला दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं आहेत. ती धूळ बऱ्यापैकी अडवतात, पाणी नाही. तेच आकडे आणि शेवटी ‘टू-आरएस’ म्हणजे रबरी सील. उघड्यावर हेच हवं. मोटार दुरुस्तीच्या साहित्याच्या दुकानात मिळतं आणि फिटर तासाभरात बदलतो. बिघाडाची दुसरी जागा खांबाच्या तळाची. प्लेट जमिनीत गाडलेली असेल तर तिथे पाणी मुरून वेल्ड गंजतो. काँक्रीटचा ठोकळा जमिनीच्या पाच सेंमी वर काढून बोल्ट उघडे ठेवा, म्हणजे आवळता येतात. पुढच्या निविदेत देखभालीची तीन वर्षं लिहून घ्या.

प्रश्न : एकच मोकळं मैदान आहे. कबड्डीवाले आणि खो-खोवाले भांडतात.

उत्तर : खो-खोला २७ बाय १६ मीटर लागतात, पुरुषांच्या कबड्डीला १३ बाय १०, महिलांच्या १२ बाय ८. कबड्डी खो-खोच्या आतच मावते. अडचण होते ती खो-खोच्या खांबांची, तर ते कायमचे गाडू नका. खांबापेक्षा जरा मोठा पाइप जमिनीत बसवा, खांब त्यात उतरवायचा, खेळ झाला की काढून पाइपाला झाकण. वार वाटून घ्या. राहता राहिला गणपती-नवरात्राचा मांडव. परवानगीच्या वेळीच अनामत घ्या आणि अट लिहा, की प्रत्येक वाशाचा खड्डा मुरमाने भरून, पाणी घालून, चोपून द्यायचा. नुसती माती लोटलेला खड्डा पहिल्या पावसात खचतो आणि चढाईच्या वेळी नेमका त्यातच पाय जातो.